धुरातून नेमका कार्बन वेचणारा स्फटिक

सिमेंटच्या भट्टीतून निघणाऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो खरा, पण सोबत भरपूर नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि थोडे आम्लधर्मी वायूही असतात. त्यातून एकच वायू वेचायचा कसा?

धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बांधलेले ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ म्हणजे ‘मॉफ’ हे त्याचं एक उत्तर. चाळीसारखे खोल्याच खोल्या असलेले हे स्फटिक. काहींच्या एका ग्रॅममधला आतला पृष्ठभाग हजारो चौरस मीटर भरतो! या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत मॉफ हजारोंनी तयार झाले. कारखान्यात मात्र बहुतेकांची दाणादाण उडते, कारण दमट धुरात छिद्रांमध्ये आधी पाणीच जाऊन बसतं.

इथेच कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने घडवलेला ‘काल्फ-20’ वेगळा ठरतो. जस्त, ऑक्झॅलेट आणि ट्रायझोलेट हा त्याचा माल. त्यात दुर्मीळ असं काहीच नाही. सुमारे 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडलाच पसंती देतो. वायूवरची पकड बेताची असल्याने वाफ सोडली की वायू सुटतो आणि स्फटिक पुन्हा कामाला लागतो. कार्बन पकडण्याच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे अमाइन या रसायनांच्या द्रावणात, मात्र अख्खं द्रावण तापवावं लागतं, आणि खरा खर्च तिथेच होतो.

ब्रिटिश कोलंबियातल्या एका सिमेंट कारखान्यात काल्फ-20ची चाचणी झाली. ‘बीएएसएफ’ने त्याचं औद्योगिक उत्पादनही सुरू केलं. पकडलेला वायू जमिनीखाली साठवण्याचा खर्च मात्र वेगळाच.