एकच रूळ, तीन कंपन्या

स्पेनमधील माद्रिद–बार्सिलोना हा ६२१ किलोमीटरचा वेगवान मार्ग. रूळ ‘आदिफ’ या सरकारी संस्थेचे. गाड्या चालवणाऱ्या कंपन्या तिला वापरशुल्क देतात. २०२१ पर्यंत इथे फक्त सरकारी ‘रेन्फे’ होती. स्पर्धक आले आणि तिकिटे झपाट्याने उतरली.

■ रेन्फे (आवे) : सेवा २००८ पासून. थेट गाडी सुमारे अडीच तासांत पोचते. तीन नगांपर्यंत, एकूण २५ किलो सामान तिकिटातच.

■ विगो : मे २०२१ पासून. मूळ फ्रेंच सरकारी रेल्वेची. दुमजली गाडी, ५०९ आसने. सुरुवातीचे तिकीट ९ युरोंपासून. छोटी बॅग आणि हातातली पिशवी मोफत. मोठ्या बॅगेचे आणि आवडीच्या आसनाचे पैसे वेगळे.

■ इर्यो : नोव्हेंबर २०२२ पासून. इटलीच्या ‘त्रेनइतालिया’ची भागीदारी, गाड्याही इटालियन बनावटीच्या. वरच्या वर्गात जेवण जागेवर मिळते.

तुलना कशी करावी? वेळेत फारसा फरक नाही, म्हणून भाव आणि सोयीच पाहाव्यात. आधी सामान, आसन, तिकीट बदलण्याचे शुल्क हे सगळे मिळवून बेरीज करा. मुलाबाळांसह, मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्या कुटुंबाला सर्वांत स्वस्त दिसणारे तिकीट महाग पडू शकते. भाव मागणीनुसार बदलतात, त्यामुळे आरक्षण जितके आधी तितके चांगले. स्पर्धेचा खरा लाभ हिशेब करणाऱ्या प्रवाशालाच होतो.