लाजाळू लाजत नाही, हिशेब करते!

लाजाळूला आयुष्यात एकदाही बोट लावलं नाही, असा माणूस दाखवा, आपण हरलो! माझ्या ऑफिसातल्या खिडकीत तिची कुंडी आहे. अकाउंट्सवाल्यांपासून कुरिअरवाल्यापर्यंत जो येतो तो बोट लावतो, 'सो क्यूट' म्हणतो नि निघतो. पण बॉस, यात लाजण्याचा काहीएक संबंध नाही.

तिच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की तिथल्या काही पेशींतून क्षार बाहेर पडतात, पाठोपाठ पाणीही. फुगा बसावा तसं पान सेकंदभरात मिटतं. कशासाठी? २०२२ साली जपानी शास्त्रज्ञांनी मिटताच न येणारी लाजाळू तयार केली, तर नाकतोड्यांनी तिचा जास्त फडशा पाडला. म्हणजे ही लाज नव्हे, सेल्फ डिफेन्स!

अर्थात, तो फुकट नाही. मिटलेल्या पानाला ऊन कमी, म्हणजे अन्न कमी. पुन्हा उघडायला काही मिनिटं लागतात. मग दर धक्क्याला मिटत बसलं तर खायचं काय?

देफॉन्तेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लाजाळूच्या कुंड्या घोडागाडीतून पॅरिसभर फिरवल्या. सुरुवातीच्या गचक्यांनी पानं मिटली. थोड्या वेळाने गाडी हादरत असतानाच ती उघडली. आपल्याला लोकलची सवय होते ना, तसंच! २०१४ मध्ये मोनिका गाल्यानो आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट नीट तपासली. कुंड्या १५ सेंटिमीटरवरून पुनःपुन्हा खाली सोडल्या. इजा होत नाही म्हटल्यावर लाजाळूने मिटणं सोडलं. थकली म्हणावं, तर वेगळ्या प्रकारे हलवल्यावर लगेच मिटली! जवळपास महिन्याभरानंतरही पडण्याकडे तिने दुर्लक्षच केलं. याला 'शिकणं' म्हणायचं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण मेंदू नसलेल्या रोपट्याला कुठला धक्का मनावर घ्यायचा, हे कळतं, एवढं नक्की.

आणि आपण? मोबाइल टिंग वाजला की मान खाली. बॉसचा मेल असो की पिझ्झाची ऑफर, रिअॅक्शन सेम. मग सहा वाजता वाटतं, दिवसभर केलं काय? पुढचं टिंग वाजेल तेव्हा एकच विचारा: हा नाकतोडा आहे, की नुसता गचका?