ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्गसौंदर्य : रेव्हरंड टिळकांच्या काव्याच्या निमित्ताने

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना मराठी रसिकांनी ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून गौरविले. हे बिरुद यथार्थ असले, तरी त्यामुळे एक प्रश्न झाकला जातो. १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेणाऱ्या या कवीच्या फुलांतून ईश्वर दिसतो तो कोणत्या अर्थाने? चराचर व्यापून राहिलेल्या देवाची भागवत परंपरेतील कल्पना आणि ख्रिस्ती दृष्टी एकच आहेत काय? याचा उलगडा झाल्यावाचून या काव्याचे मर्म हाती येणे कठीण आहे.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती पाहतो आणि ती चांगली असल्याचा निर्वाळा पुनःपुन्हा देतो. येथे सृष्टी चांगली आहे. पण ती देव नव्हे. एकोणिसाव्या स्तोत्रात आकाश देवाचे वैभव वर्णिते, म्हणजे ते स्वतः साक्षीदार ठरते. पौलाच्या रोमकरांस पत्रात निर्मित वस्तूंवरून अदृश्य ईश्वराची ओळख पटते असे प्रतिपादन आहे. मात्र निर्मात्याला सोडून निर्मितीची पूजा करण्याचा तेथेच निषेधही आहे. चित्रावरून चित्रकाराची थोरवी कळावी, परंतु चित्रालाच चित्रकार मानू नये, असा हा विवेक होय.

या तात्त्विक भूमिकेला येशूच्या उपदेशात जिव्हाळ्याचे रूप येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात रानातील फुलांचा दाखला वस्त्राची चिंता करणाऱ्या सामान्य माणसांपुढे ठेवला आहे. आज फुलून उद्या भट्टीत पडणाऱ्या गवतालाही शलमोनाच्या ऐश्वर्याहून सुंदर वेष लाभतो, मग मनुष्याची उपेक्षा कशी होईल? अर्थात येथे सौंदर्य हे ईश्वराच्या वात्सल्याचे प्रमाण मानलेले आहे.

परंतु सृष्टीत केवळ सौंदर्यच आहे काय? तिच्यात व्यथा आहे, हिंसा आहे. पौलानेही समग्र सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे म्हटले आहे. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या प्रसिद्ध कवितेतील घायाळ पक्षिणी रक्तबंबाळ स्थितीतही पिलांकडे परतते. या कवितेला धर्मोपदेश म्हणणे अतिरेकाचे होईल. तिच्यातील कारुण्य कोणत्याही सहृदय वाचकाचे आहे. तथापि एक चिमणीही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, हे मत्तयातील वचन स्मरून ती वाचली, म्हणजे त्या पाखराच्या मरणाला निराळे गांभीर्य येते.

येथे अभ्यासकाने दोन टोके टाळावयास हवीत. टिळकांचे निसर्गप्रेम केवळ धर्मांतराचे फळ मानणे हे एक. त्यांच्या श्रद्धेला केवळ चरित्रातील तपशील समजणे हे दुसरे. ‘अभंगांजली’त त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी संतांचाच अभंग स्वीकारला. भाषा व छंद मराठी परंपरेचे आणि उपास्य ख्रिस्त, असा हा संगम आहे. म्हणूनच त्यांच्या काव्यात फूल आढळले की तेथे सर्वेश्वरवाद आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. ते फूल वंदनाचा विषय आहे की वंदनाला प्रवृत्त करणारा साक्षी आहे, हे प्रत्येक कवितेच्या अंतर्गत पुराव्यावरूनच ठरविले पाहिजे.