नाव गळालेला मजकूर

आजच्या मराठी घरात दिवसाकाठी जो मजकूर वाचला जातो, त्यातील फार मोठ्या भागाने छापखान्याचे तोंड कधी पाहिलेले नसते. कुटुंबाचा गट, शाळासोबत्यांचा गट, सोसायटीचा गट, सेवानिवृत्त सहकाऱ्यांचा गट, भजनी मंडळाचा गट अशा नाना वाटांनी तो हातातल्या मोबाइलवर येऊन दाखल होतो. वाचणारा तो वाचतो, प्रसंगी गहिवरतो, हात जोडल्याचे चित्र उमटवतो आणि आपल्याला झालेला आनंद आपल्या माणसांनाही व्हावा या शुद्ध हेतूने तो तसाच पुढे धाडतो. त्यात आजीच्या माजघराची आठवण असते, वारीचे वर्णन असते, मुलगी सासरी गेल्यानंतरच्या रिकाम्या खोलीवरचा एखादा हृद्य लेख असतो, पुणेरी पाट्यांवरचा विनोद असतो. मात्र हे सारे ज्याने किंवा जिने लिहिले, त्या व्यक्तीचे नाव त्यात बहुधा सापडत नाही. आणि सापडलेच, तर ते खरे असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. आपल्या वाङ्मयव्यवहारात इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या सहजपणे आणि इतक्या सद्भावनेने लेखकाचे नाव पुसले जाण्याचा प्रसंग पूर्वी कधी आला नसावा, आणि म्हणूनच तो किरकोळ मानून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

नाव गळते कसे, हे पाहण्यासाठी असा एखादा संदेश नीट निरखावा. अगदी वर, दोन्ही बाजूंना तारांकित चिन्हे देऊन ठळक केलेली ओळ असते : ‘अप्रतिम लेख, शेवटपर्यंत नक्की वाचा.’ ही ओळ लेखकाची नसते. वाटेतल्या कोणा वाचकाने ती आवडीपोटी जोडलेली असते. मग मूळ लेख सुरू होतो. तो लांब असला, तर पडद्यावर त्याचा आरंभ तेवढा दिसतो आणि उरलेला भाग ‘अधिक वाचा’ या शब्दांआड दडतो. आपल्याकडे लेखाखाली डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात नाव घालण्याची रीत असल्यामुळे लेखकाचे नाव नेमके त्या दडलेल्या भागाच्या तळाशी जाऊन बसते. कोणी मजकूर बोटाने निवडून त्याची नक्कल करू लागला, की शेवटची ओळ निवडीबाहेर राहते. कोणाला ते नाव अपरिचित असल्यामुळे अनावश्यक वाटते. कोणी त्या जागी स्वतःच्या गटाचे नाव घालतो. अशा काही हातांतून गेल्यावर लेखाखाली ‘लेखक अज्ञात’, ‘साभार : व्हॉट्सॲप’ किंवा ‘जसा आला तसा पाठवत आहे’ एवढेच शब्द उरतात. लेख लिहिणारी व्यक्ती हयात असते, कदाचित त्याच शहरात राहत असते, आणि तिचा लेख मात्र अज्ञाताच्या खात्यावर जमा झालेला असतो.

यंत्राची रचनाही या विस्मरणाला साहाय्यभूत होते. २००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण उमटते खरी. परंतु ती मजकूर प्रवास करून आला आहे एवढेच सांगते, तो कोठून निघाला हे सांगत नाही. शिवाय कोणी त्याच मजकुराची नक्कल करून तो नव्याने चिकटवला, तर ती खूणही नाहीशी होते आणि पाठवणाऱ्याने तो आत्ताच स्वतः लिहिला असावा असा भास उत्पन्न होतो. टेलिग्राम या दुसऱ्या माध्यमात, कोणी मुद्दाम लपवले नसेल तर, पुढे पाठवलेल्या संदेशावर मूळ प्रेषकाचे नाव आपोआप राहते. म्हणजे नाव टिकवणे यंत्राला अशक्य आहे अशी स्थिती मुळीच नाही.

नाव गळण्याच्या पुढची पायरी अधिक गंभीर आहे. निनावी मजकूर फार काळ निनावी राहत नाही. त्याला एखाद्या थोर लेखकाचे नाव येऊन चिकटते. विनोदी लेख असेल तर पु. ल. देशपांडे, नात्यांवरचे चिंतन असेल तर व. पु. काळे, कविता असेल तर कुसुमाग्रज अशी जणू खातेवाटणीच झाली आहे. यामागे काही कारणे दिसतात. पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकर यांच्या स्वभावांवर पु. लं.नी इतके संस्मरणीय लिहिले आणि सांगितले आहे, की त्या विषयावर पुढे कोणीही चार ओळी लिहिल्या तरी त्या ऐकणाऱ्याच्या कानात पु. लं.चाच आवाज उमटतो. वपुंच्या ‘वपुर्झा’ या पुस्तकाची घडणच मुळी त्यांच्या लेखनातल्या वेचक उताऱ्यांची आहे. त्यामुळे संदर्भावाचून आलेला कोणताही चिंतनपर उतारा त्याच पुस्तकातला असावा असे वाचकाला सहज वाटून जाते. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी, पु. ल. १२ जून २००० रोजी आणि वपु २६ जून २००१ रोजी निवर्तले. तिघांपैकी एकानेही हे माध्यम डोळ्यांनी पाहिले नाही, आणि आपल्या नावावर खपणाऱ्या मजकुराविषयी ‘हे माझे नव्हे’ असे सांगण्यास त्यांच्यापैकी कोणीही आज हजर नाही.

तरीही या प्रकाराकडे निव्वळ लबाडी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पानिपतच्या रणात १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर पुढे त्यांच्या नावाने जो तोतया उभा राहिला आणि ज्याला १७७६ मध्ये देहदंड देण्यात आला, त्याला बळ मिळाले ते केवळ त्याच्या चेहरेपट्टीतल्या साम्यामुळे नव्हे. भाऊसाहेब जिवंत असावेत, ते परत यावेत, ही जी ओढ हजारो अंतःकरणांत शिल्लक होती, तिने त्याला उभे केले. पु. लं.च्या नावे फिरणाऱ्या परक्या मजकुरामागेही हीच ओढ आहे. त्यांनी अजून लिहीत राहावे असे ज्या वाचकाला वाटते, तो दुसऱ्याने लिहिलेले त्यांच्या पदरात घालतो. ही माया खरी आहे, तिचा मी अनादर करीत नाही. पण तिच्यापायी एका जिवंत लेखकाचे श्रेय हिरावले जाते आणि एका दिवंगत लेखकाच्या माथी त्याने कधीही न लिहिलेली, पुष्कळदा त्याच्या दर्जाला न शोभणारी वाक्ये मारली जातात.

मराठी भाषेला नावाची आणि पाठाची ही काळजी नवीन नाही, आणि हेच मला विस्ताराने सांगावेसे वाटते. मराठेशाहीतील दस्तऐवज ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल, की राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला त्या ठिकाणी मोर्तब असे. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे एक अक्षरही कोणी वाढवू नये, हा त्या मोर्तबाचा अर्थ. ‘लेखनसीमा’ हे शब्द त्यासाठीच योजलेले असत. लांब कागद एकमेकांना डकवून पत्र केले, तर सांध्यावरही शिक्के उठवीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. दफ्तरातला साधा कारकूनही जाणून होता, की मजकूर हातोहात फिरू लागला म्हणजे त्यात भर पडते आणि त्यातून गळतेही.

संतांनी हीच तजवीज कवितेत केली. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ या नाममुद्रा अभंगाच्या अखेरच्या चरणात अशा विणलेल्या असतात, की नाव काढावयाचे तर चरणच मोडावा लागतो. तरीही मुद्रा बदलणारे निघालेच. तुकोबांचे अभंग घेऊन त्यांवर आपली मुद्रा घालणाऱ्या सालोमालोचा उल्लेख परंपरेने जपून ठेवला आहे, आणि प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटामुळे ते नाव घरोघरी पोहोचले. सालोमालोने दुसऱ्याच्या काव्यावर आपले नाव घातले. आज आपण सामान्य लेखकाच्या मजकुरावर मोठ्याचे नाव घालतो. दिशा उलट झाली, तरी मूळ लेखकाच्या वाट्याला येणारी हानी तीच राहिली.

गद्याच्या बाबतीत महानुभावांनी जी दक्षता दाखवली ती तर विस्मयकारक आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ऐकीव गप्पांतून नव्हेत. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिला त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्रात मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले, तेव्हा तेही निनावी ठेवले नाहीत. हिराइसा पाठ, परशरामबास पाठ असे ते त्या त्या व्यक्तीच्या नावाने ओळखले गेले. हा शब्द कोणाच्या मुखातून आला आणि तो कोणी राखला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मजकुराबरोबरच चालली पाहिजेत, असा तो दंडक होता. आणि ज्ञानेश्वरी? शके १२१२ मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ तीनशे वर्षे नकलांमागून नकला होत गेला, तेव्हा त्यात इतके अपपाठ शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी बसून त्याची शुद्ध प्रत तयार केली, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये अशी सक्त ताकीदही देऊन ठेवली. नाथ स्वतः थोर कवी होते. त्यांना चार ओव्या वाढवणे अशक्य नव्हते. त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवून दुसऱ्याचा शब्द जसा होता तसा राखला, यापरते वाचकधर्माचे उदाहरण मला दुसरे दाखवता येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की लोकवाङ्मय निनावीच असते. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे कोणास ठाऊक आहे, मग मोबाइलवरचे हे लेखन म्हणजे नव्या काळातले लोकवाङ्मय का मानू नये? आक्षेप विचारार्ह आहे, पण टिकणारा नाही. ओवी गाणारी बाई पूर्वापार चालत आलेल्या चरणांत आपला चरण मिसळी, ती गाई तेव्हा ऐकणाऱ्यांना तिचा आवाज आणि तिचे घर माहीत असे, आणि त्या ओव्यांवर सर्वांची मालकी आहे हे सर्वांनाच मान्य असे. येथे एका व्यक्तीने रात्री बसून, शब्द खोडून, पुन्हा लिहून एक लेख पुरा केलेला असतो, आणि तो तिचा असतो. त्यातही ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव यांची नोंदही आवर्जून ठेवली. जे वाङ्मय निनावी म्हणून प्रसिद्ध, तेथेही जाणत्या संशोधकांनी नाव सोडले नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिची विकृती रोखण्याचा हक्क लेखकाला दिला आहे. कृतीचे आर्थिक हक्क विकल्यानंतरही तो त्याच्यापाशी राहतो. परंतु गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणारी शिक्षिका आपल्या लेखासाठी कोर्टकचेरी करावयाची नाही. तिला मोबदल्याची अपेक्षा नसते. आपलाच लेख नणंदेच्या गटातून दुसऱ्याच्या नावाने परत आलेला पाहून तिला जे वाटते, त्याची भरपाई कोणतेही कलम करू शकत नाही. आणि पुढचा लेख लिहिण्याची तिची उमेद तेथेच खचते, हे मराठीचे नुकसान आहे.

निनावीपणाचा याहून भयंकर परिणाम महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरिता आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अफवेचे संदेश मोबाइलवरून पसरत होते, आणि ते कोणी लिहिले हे विचारण्याची सवयच कोणाला उरली नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये अनेकवार फिरलेल्या संदेशांसाठी ते एकावर आणले. एखाद्या हृद्य लेखाचा लेखक न विचारणे आणि एखाद्या विषारी अफवेचा जनक न विचारणे यांत परिणामाचे अंतर आकाशपाताळाचे आहे हे खरे, परंतु न विचारण्याची सवय एकच आहे.

समाधानाची गोष्ट अशी, की लेखकांनी आपल्या परीने तजवीज सुरू केली आहे. ‘नावासहित पुढे पाठवण्यास हरकत नाही’ अशी ओळ आता पुष्कळ लेखांखाली दिसते. काही जण आपले नाव शेवटी न घालता शीर्षकालगतच घालतात, आणि काही तर मधल्या एखाद्या परिच्छेदात ते अशा रीतीने गुंफतात, की काढू म्हटले तर वाक्यच तुटावे. अभंगाच्या शेवटच्या चरणातली युक्तीच ही, आणि ती मराठी लेखकाला पुन्हा सुचली याचा मला आनंद वाटतो.

उरलेले काम वाचकाचे आहे आणि ते अवघड नाही. लेख पुढे पाठवण्यापूर्वी तो तळापर्यंत उघडावा, नाव असेल तर नकलेत ते आले आहे ना हे पाहावे, नसेल तर ‘लेखकाचे नाव मिळाले नाही’ असे सरळ लिहावे आणि पु. लं.ना किंवा वपुंना त्यात ओढू नये. आणि आपल्या गटात फिरणाऱ्या एखाद्या लेखाचा खरा लेखक आपल्याला ठाऊक असेल, तर संकोच न करता तेथेच, सर्वांच्या समोर, त्याचे नाव लिहून टाकावे.