डिझेल इंजिनाचा पांढरा धूर काय सांगतो?

जानेवारीतील पहाटे पुण्यातील अनेक सोसायट्यांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. रात्रभर उघड्यावर उभी असलेली डिझेल मोटार दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर कशीबशी सुरू होते आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो. शेजारी खिडक्या लावून घेतात; मालक मात्र ‘थंडीमुळे होते’ असे म्हणून कामावर निघून जातो. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरे असते. परंतु हा धूर न जळालेल्या डिझेलचा असू शकतो, तसाच पाण्याच्या वाफेचाही. पहिला दोष अनेकदा एखादा हीटर प्लग बदलून दूर होतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास इंजिनच खोलण्याची वेळ येते.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे 15 ते 22 पटींनी दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि तिच्यात सोडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. इंजिन थंड असताना ही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात. काही इंधन न पेटताच वाफ होऊन बाहेर पडते आणि थंड हवेत त्याचे धुके बनते. अशा धुराला कच्च्या डिझेलचा उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात.

मिनिटभरात हा धूर थांबला आणि इंजिन एकसारखे चालू लागले, तर संशय प्रथम हीटर प्लगवर घ्यावा. किल्ली फिरविल्यावर दिसणारा वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबण्याचा धीर अनेक चालकांना नसतो, हेही एक कारण आहेच! जुन्या इंजिनांत प्लग तपासणे सोपे असते. प्लगची वायर काढून टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी प्लगला लावावी. दिवा लागला नाही तर प्लग जळालेला आहे, असे समजावे. बॅटरीही विसरू नये. ती अशक्त असेल तर इंजिन हळू फिरते, हवा पुरेशी तापत नाही आणि दोष नसताना प्लग बदलले जातात.

इंजिन गरम झाल्यावरही धूर आणि थरथर कायम राहिली, तर गळणारे नोझल, उशिरा फवारा सोडणारा पंप किंवा झिजलेल्या रिंगांमुळे कमी झालेले कॉम्प्रेशन यांपैकी एखादे कारण असते. पंप उतरविण्याचा सल्ला गॅरेजमध्ये लगेच मिळतो. त्याआधी कॉम्प्रेशन मोजून घेण्याचा आग्रह धरावा. नोझलच्या पाइपचा नट सैल करून दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी पद्धत कॉमन रेल इंजिनांत मात्र कदापि वापरू नये. गाडी धावताना तेथील दाब 1000 बारहून अधिक, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या चारशे पटींहून जास्त होऊ शकतो. बारीक धारही कातडीत घुसते.

आता वाफेविषयी. एक लिटर डिझेल जळाल्यावर साधारण तेवढेच पाणी तयार होते. त्यामुळे थंडीत दिसणारी, लगेच विरणारी पातळ वाफ स्वाभाविकच आहे. मात्र इंजिन तापल्यानंतरही दाट वाफ निघत असेल, तिला गोडसर वास असेल आणि कूलंट वारंवार भरावे लागत असेल, तर हेड गास्केट फुटले असण्याची किंवा हेडला तडा गेला असण्याची दाट शक्यता असते. इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणे, डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखे ऑइल दिसणे, या त्याच्या आणखी खुणा. तपासणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते.

अशी गाडी रात्रभर उभी राहिल्यास कूलंट सिलिंडरमध्ये झिरपून साचू शकते. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. त्यामुळे सकाळी सेल्फ मारताच इंजिन एकदम अडकल्यासारखे वाटले, तर पुन्हा किल्ली फिरवू नये आणि धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.