तलाव बांधील त्याची जमीन

गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला आलेला माणूस देवळं पाहतो आणि वैनगंगेत पाय बुडवून परततो. १८७३ ते १८७५च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅमनेही देवळांचंच वर्णन केलं. मला मात्र कित्येक वर्षं ओढ आहे ती चामोर्शीकडून मूल-सिंदेवाहीच्या वाटेला लागलं की गावामागे दिसणाऱ्या तलावांच्या मातीच्या पाळींची. मार्कंड्याच्या शिल्पांइतकंच मोठं काम या पाळींत आहे, आणि त्यावर आजही हजारो बांध्यांतलं धान उभं राहतं.

या तलावांचा माग काढताना हाती लागतो तो मेजर ल्युसी स्मिथचा १८६९चा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल. सारा ठरवायला बसलेल्या या अधिकाऱ्याने गोंड राजांची सारी वंशावळ लोकांच्या तोंडून उतरवून घेतली. त्यात हिरशहाचा एक नियम येतो : जंगल तोडून जमीन काढील त्याची ती जमीन, तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. स्मिथची सनं मला पटत नाहीत. हिरशहा १४९७ ते १५२२, बाबाजी बल्लाळशहा १५७२ ते १५९७. दोघांनाही नेमकी पंचवीस वर्षं! हा अंदाजाचा हिशेब दिसतो. बाबाजीचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त असल्याने त्याचा काळ तरी जुळतो. पण सनं सैल असली तरी नियम खरा वाटतो, कारण झाडीपट्टीची जमीनच त्याची साक्ष देते. राजाने खजिना उघडला नाही, पाण्याशी मालकी बांधून दिली. पाळ फुटली तर आपलंच शेत कोरडं पडणार, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

हे बांधणारे बहुतांशी कोहळी जातीचे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणलं, अशी त्यांची परंपरागत कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या ग्रंथात नोंदवली आहे. ऊस पिकवावा तर कोहळ्यांनी आणि तलावाची जागा हेरावी तीही त्यांनीच. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळीच्या नावावर सांगितला जातो. जंगलातून उतरणारा नाला दोन टेकड्यांच्या बेचक्यात अडवायचा, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा, पाटाने बांध्यांना पाणी द्यायचं. हस्ताचा पाऊस दगा देतो तेव्हा लोंबीवर आलेलं धान याच पाण्याने वाचतं. तलावात ढिवरांना मासोळी मिळते, काठावर देवधान. बेगारीत माती वाहणारे हात मात्र कुठल्याच सनदेत नाहीत. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत याची मला खंत आहे.

गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची सत्ता, म्हणजे मालगुजारी, १९५१ साली संपली. जुलूम गेला, ते योग्यच झालं. पण त्याच फटक्यात त्यांच्या ताब्यातले तलाव सरकारजमा झाले. पुढच्या नऊ वर्षांत चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात गेला, १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कागद कचेऱ्या बदलत राहिले, पाळीवर माती टाकायला कुणी आलं नाही. झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांतल्या साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांना आज लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यातले अनेक गाळाने आणि बेशरमाने भरले आहेत. दरम्यान १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो खर्च पुढे कित्येक पटींनी वाढला. त्यातला अगदी थोडा वाटा जरी या पाळींना मिळाला असता!

नुसता गाळ उपसून भागणार नाही, तो पुन्हा साचेल. हिरशहाच्या नियमाचं मर्म मालकीत होतं. २००६च्या वनहक्क कायद्याने जलाशयातल्या मासोळीवरचा गावाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभांनी आता आपल्या शिवारातल्या तलावावर, त्याच्या पाण्यावर आणि मासोळीवर दावा टाकावा, आणि जिल्हा परिषदांनी तो अडवू नये.