गाव महाराष्ट्रात, चित्रे मध्य प्रदेशात

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी धारुळ नावाचे गाव आहे. त्याच्या पाठीशी गाविलगडचे डोंगर. त्यांत शिरून उत्तरेकडे चालू लागले, की राज्याची हद्द कधी ओलांडली ते पायांना कळत नाही. कागदोपत्री मात्र आपण मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात आलेलो असतो. तिथे एका गुहेत अंबादेवीचे देऊळ आहे. भाविक येतात, दर्शन घेऊन परततात. आसपासच्या कपारींत आदिमानवाची चित्रे आहेत, याची बाहेरच्या जगाला २००७ पर्यंत गंधवार्ता नव्हती.

त्या वर्षी २७ जानेवारीला विजय इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथली चित्रे प्रथम आढळली. ही हौशी निसर्गप्रेमी मंडळी, पुरातत्त्व खात्यातली नव्हेत. इंगोले तर पेशाने अभियंते! एका कपारीत चित्रे दिसल्यावर ते थांबले नाहीत. पुन:पुन्हा डोंगर पालथा घातला आणि एकामागून एक चित्रगुहा उजेडात आल्या. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही या भागाचा अभ्यास हाती घेतला.

गुहा म्हटले की आपल्याला अजिंठा आठवतो. इथे तसे काही नाही. ऊन, वारा, पाणी यांनी खडक पोटाशी झिजतो आणि वरचा भाग छपरासारखा पुढे राहतो, तोच हा आडोसा. त्याच्या भिंतींवर हत्ती, हरणे, माणसे अशा आकृत्या रंगवलेल्या आहेत. काही ठिकाणी त्या दगडात कोरल्या आहेत. सगळ्या एकाच काळातल्या नसाव्यात. इथे माणसाचा वावर पंचवीस हजार वर्षांपासून असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

भोपाळजवळच्या भीमबेटकाची कथाही अशीच. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांना आगगाडीतून तिथले खडक दिसले आणि ते पाहायला गेले. २००३ मध्ये ते ठिकाण जागतिक वारसा ठरले. तिथे आज पहारा आहे, तिकीट आहे, पायवाटा आहेत.

धारुळच्या वाटेने जाणाऱ्याला असा थाट मिळणार नाही, आणि काळजी तीच आहे. इतकी वर्षे ही चित्रे टिकली, त्यात ती कोणाला ठाऊक नव्हती याचाही वाटा आहे. आता ठाऊक झाली. अशा ठिकाणी लोक कोळशाने नावे लिहितात, कपारीत चूल पेटवतात. आणखी एक खोड सुशिक्षितांची: फोटोत रंग उठून दिसावा म्हणून चित्रावर पाणी शिंपडायचे. क्षणभर रंग खुलतो खरा, पण पाण्यातले क्षार वाळून खडकावर पांढुरके पटल धरते आणि दर खेपेला चित्र थोडे आणखी मागे जाते. ते पुन्हा पुढे आणता येत नाही.

तेव्हा सातपुड्यात उन्हाचे जाल, तर पाण्याची बाटली जरूर न्या, पण प्यायला.